रबर मिलिमीटरचं, लोखंड इंचाचं

गाडीच्या टायरवर बाजूला एक ओळ उठवलेली असते: १८५/६५ आर १५ ८८ एच. टायरवाल्याला ती तोंडपाठ असते. गाडीवाला बहुधा टायर बदलायच्या दिवशीच ती पहिल्यांदा नीट वाचतो. १८५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी. ६५ ही टक्केवारी: टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. १५ मात्र इंच, टायर ज्या रिमवर बसतो तिचा व्यास. एकाच वस्तूच्या एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! कुठल्याही शहाण्या समितीने एका बैठकीत असली खिचडी मंजूर केली नसती. ती शिजायला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

बेलफास्टमध्ये राहणाऱ्या जॉन बॉइड डनलप या स्कॉटिश पशुवैद्याने १८८८ साली हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. हवा भरायची कल्पना रॉबर्ट विल्यम टॉमसन यांना त्याच्या चाळीसएक वर्षं आधीच सुचली होती. खरी पंचाईत होती ती टायर चाकावर धरून ठेवण्याची, कारण नुसता चिकटवलेला टायर पंक्चर झाला की काढणं महाकठीण. १८९० साली ब्रिटनमध्ये यावर दोन उत्तरं निघाली. विल्यम बार्टलेट यांनी टायरच्या रबरी कडा रिमच्या वळलेल्या ओठात अडकवल्या. चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी कडेत न ताणणारी तार घातली आणि रिमच्या मधोमध खोलगट पन्हळ ठेवली. एका बाजूची कड त्या पन्हळीत ढकलली की समोरच्या बाजूला ढील मिळते आणि टायर रिमच्या काठावरून उतरतो. आजही टायरच्या दुकानातलं मशीन हीच युक्ती वापरतं. डनलप कंपनीने दोन्ही पेटंटं विकत घेतली.

तार ताणत नाही म्हटल्यावर रिमचा व्यास चोख हवा. अर्धा इंच इकडेतिकडे झालेला चालत नाही. म्हणजे टायरचं खरं माप रिमवर ठरणार हे तेव्हाच नक्की झालं होतं. मोटारवाल्यांनी मात्र ते लिहायला वेळ घेतला.

फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली तेव्हा तिच्या पुढच्या टायरचं माप होतं ३० × ३ आणि मागच्याचं ३० × ३½. पहिला आकडा टायरच्या बाहेरच्या व्यासाचा, दुसरा जाडीचा, दोन्ही इंचांत. रिम किती, ते वजाबाकी करून काढायचं: पुढे २४, मागे २३. चारही चाकं बाहेरून सारख्याच उंचीची, पण पुढचा टायर मागे बसत नाही! सुट्या भागांच्या एकसारखेपणासाठी नावाजलेल्या गाडीत ही गंमत बरीच वर्षं चालली. १९२०च्या दशकात कमी हवेचे, गुबगुबीत बलून टायर आले आणि मापाची मांडणी फिरली. मॉडेल टीच्या शेवटच्या वर्षांतल्या टायरवर ४.४०-२१ दिसू लागलं: आधी रुंदी, मग रिम. टायरची उंची जवळजवळ रुंदीएवढीच असे, त्यामुळे तिसरा आकडा लागतच नव्हता.

भारतात अनेक वर्षं हीच दोन आकड्यांची भाषा चालली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होणाऱ्या फियाट अकराशेला, म्हणजेच पुढच्या पद्मिनीला, ५.२०-१४ चा टायर लागे, अँबेसेडरला ५.९०-१५ चा.

मिलिमीटर आला तो फ्रान्समधून. मिशेलिन कंपनीने १९४६ साली रेडियल टायरचं पेटंट घेतलं आणि १९४९ पासून तो ‘एक्स’ या नावाने बाजारात आणला. जुन्या टायरमध्ये आतल्या दोऱ्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत. इथे दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ गेले आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचा पट्टा बसला. बाजू मऊ, तळ ताठ. टायर कमी तापू लागला, जास्त चालू लागला. ‘आर’ हे अक्षर त्याचंच. फ्रेंच मंडळी रुंदीही मिलिमीटरमध्ये मोजत आणि रिमही. सित्रोएनच्या टू-सीव्हीवर सुरुवातीला १२५-४०० टायर होते. बाकीच्या युरोपने रेडियल उचलला, रुंदीचे मिलिमीटरही घेतले, पण रिमचा इंच काही सोडला नाही. १५५ आर १३ हे त्या तडजोडीचं रूप. त्याचं कारण साधं असावं. टायर झिजला की नवा येतो; रिम मात्र गाडीच्या जन्मापासून तिच्यासोबत असते आणि तिच्यामागे साचे, प्रेस, ब्रेकचे ड्रम अशी मोठी फौज उभी असते.

टक्केवारी शर्यतींच्या मागोमाग आली. बाजू जितकी बुटकी, तितका टायर वळणावर कमी डोलतो. पिरेलीचा पी-७ हा टायर लान्सिया स्ट्रॅटोस या रॅलीच्या गाडीसाठी घडला आणि १९७०च्या दशकातच पोर्शच्या ९११ टर्बोवर आला, तोही ५० टक्क्यांच्या उंचीत. आता उंची गृहीत धरून भागेना; ती लिहावीच लागली.

उरलेल्या ८८ एच चा अर्थ असा: या टायरने ५६० किलो भार ताशी २१० किलोमीटर वेगापर्यंत पेलावा. यात एच बाराखडी मोडून बसला आहे. टी १९० चा, यू २०० चा, आणि मग एच. सुरुवातीला एस, एच आणि व्ही अशी मोजकीच अक्षरं होती. मधली नंतर घुसवली, पण जुन्यांना कुणी हलवलं नाही.

इंच हटवण्याचा एक धीट प्रयत्न मिशेलिननेच १९७५ साली केला. टीआरएक्स या टायरसाठी रिमच्या काठाचा आकारच वेगळा होता, म्हणून व्यासही मुद्दाम वेगळा ठेवला: ३९० मिलिमीटर, पंधरा इंचांहून थोडा मोठा, सोळाहून लहान. चुकून दुसरा टायर कुणी चढवूच नये. फोर्ड मस्टँग, बीएमडब्ल्यू, प्यूजो अशा गाड्यांना तो मिळाला. टायर उत्तम होता, पण झिजल्यावर मालकापुढे दोनच वाटा उरत: पुन्हा महागडा टीआरएक्स घ्या, नाहीतर चारही रिमा बदला. अशा अटीवर गिऱ्हाईक फार काळ टिकत नाही.

रिमवरही अशीच ओळ कोरलेली असते, उदाहरणार्थ ५½ जे × १४ ईटी ४५. साडेपाच इंच रुंदी, जे हा काठाच्या आकाराचा प्रकार, १४ इंच व्यास. ईटी मात्र मिलिमीटरमध्ये: रिम हबला जिथे टेकते ती जागा रिमच्या मध्यरेषेपासून ४५ मिलिमीटर बाहेरच्या अंगाला. हौसेने मॅग व्हील बसवणारे बहुधा हाच आकडा विसरतात. तो कमी झाला की चाक बाहेर येतं, मडगार्डला घासतं आणि बेअरिंगवर जादा भार पडतो.

नटांच्या वर्तुळाचा व्यासही मिलिमीटरमध्येच देतात. मारुती ८०० ला चार नट आणि ११४.३, इनोव्हाला पाच नट आणि तेच ११४.३, जिप्सीला पाच आणि १३९.७. हे दशांश एरवी विचित्र वाटतात. २५.४ ने भागलं की साडेचार इंच निघतात आणि साडेपाच इंच.