राजधानी परिसरातील धुणे : पाणी, पावडर आणि यमुनेवरील फेस

नवी दिल्ली : घरातील कपडे धुणे हे रोजचे साधे काम असले, तरी राष्ट्रीय राजधानी परिसरात ते पाणीटंचाई, भूजलातील क्षार आणि यमुनेचे प्रदूषण या तीन प्रश्नांशी थेट जोडलेले आहे. कपडे धुण्याची पद्धत थोडी बदलल्यास पाणी, वीज आणि खर्च यांची बचत होते, तसेच सांडपाण्यावाटे नदीत जाणाऱ्या रसायनांचे प्रमाणही कमी होऊ शकते.

पाण्याचा स्वभाव

मुंबई आणि पुणे या शहरांना प्रामुख्याने धरणांचे, तुलनेने मृदू पाणी मिळते. तेथून नोकरीनिमित्त दिल्लीत आलेल्या अनेक मराठी कुटुंबांना नेहमीच्या साबणाला फेस येत नाही, असा अनुभव येतो. याचे कारण पाण्याच्या उगमात आहे. दिल्लीला यमुना, गंगेचा कालवा आणि भाक्रा-बियास प्रकल्प येथून पाणी मिळते. त्याला कूपनलिकांच्या पाण्याची जोड दिली जाते. नोएडात गंगेच्या पाण्यात भूजल मिसळले जाते. अनेक निवासी संकुले आजही कूपनलिकांवर किंवा टँकरवर अवलंबून आहेत.

कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार अधिक असलेल्या पाण्याला दुष्फेन किंवा जड पाणी म्हणतात. भारतीय मानक ब्यूरोच्या 2012 च्या पेयजल मानकानुसार पाण्याचा एकूण जडपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोत नसल्यास 600 मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. जड पाण्यात साबणाचा बराचसा भाग क्षारांशी संयोग पावून चिकट साका बनतो. हा साका कपड्यांवर बसल्याने पांढरे कपडे करडे पडतात आणि टॉवेल खरखरीत होतात.

घरच्या पाण्याचा जडपणा ताडण्याची एक सोपी रीत आहे. पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली पाणी घेऊन त्यात अंगाच्या साबणाचा छोटासा कीस टाकावा आणि बाटली जोराने हलवावी. भरपूर फेस येऊन खालचे पाणी बऱ्यापैकी स्वच्छ राहिल्यास पाणी मृदू आहे. फेस कमी आणि पाणी दुधाळ दिसल्यास ते जड समजावे.

पावडर किती?

पाणी जड असल्याचे लक्षात येताच पावडरचे प्रमाण वाढवण्याकडे अनेकांचा कल असतो. फेस मात्र स्वच्छतेचे माप नव्हे. जरुरीपेक्षा जास्त डिटर्जंट कपड्यांत राहून जाते, ते काढण्यासाठी जादा वेळा खळबळावे लागते आणि पाणी वाया जाते. त्यामुळे पाकिटावर दिलेले प्रमाण मापाने घ्यावे. जड पाण्यासाठी वेगळे प्रमाण दिले असल्यास ते पाळावे. सुती कपड्यांच्या पाण्यात आधी थोडा धुण्याचा सोडा विरघळवल्यास जडपणा कमी होतो आणि तेवढ्याच पावडरचे काम चांगले होते. रेशमी व लोकरीच्या कपड्यांसाठी मात्र सोडा वापरू नये.

घरात नळाचे आणि कूपनलिकेचे असे दोन्ही पाणी येत असल्यास धुण्यासाठी नळाचे पाणी राखून ठेवावे. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी अनेक घरांत धुण्यासाठी साठवले जाते. या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार अधिक असतात. ते शौचालयासाठी किंवा फरशी पुसण्यासाठी वापरणे अधिक सोयीचे ठरते.

यंत्राचा वापर

वरून कपडे टाकण्याच्या यंत्रापेक्षा समोरून दार असलेल्या यंत्राला साधारणपणे बरेच कमी पाणी लागते. अशा यंत्रात कमी फेसाची पावडरच वापरावी. यंत्र कोणतेही असो, थोड्या कपड्यांसाठी ते रोज चालवणे महाग पडते. एका फेरीस 120 लिटर पाणी लागते असे धरल्यास, रोज अर्धे भरलेले यंत्र चालवणाऱ्या घरात महिन्याला 3,600 लिटर पाणी खर्च होते. तेच कपडे एक दिवसाआड, पूर्ण भारासह धुतल्यास 1,800 लिटर पाणी वाचते. कपडे कोंबूनही चालत नाही. ते मोकळेपणाने फिरावेत यासाठी वर वीतभर जागा राहू द्यावी.

दिल्ली सरकारने 2015 मध्ये घरगुती ग्राहकांना महिन्याला 20 हजार लिटरपर्यंत पाणी मोफत देण्याची योजना लागू केली. त्याहून अधिक वापर झाल्यास संपूर्ण वापराचे देयक भरण्याची तरतूद त्यात करण्यात आली. या मर्यादेच्या काठावरील कुटुंबासाठी 1,800 लिटरची बचत लहान नाही. 2024 च्या उन्हाळ्यातील तीव्र टंचाईत तर नळीने गाड्या धुणे, टाक्या भरून वाहू देणे अशा अपव्ययासाठी 2 हजार रुपये दंड आकारण्याचे आदेश देण्यात आले होते.

पाणी तापवून धुणाऱ्या यंत्रात विजेचा मोठा भाग पाणी तापवण्यातच खर्च होतो. रोजच्या वापराच्या कपड्यांसाठी साधे पाणी पुरेसे असते. कॉलर आणि बाह्यांना पावडर लावून कपडे अर्धा तास भिजवल्यास धूळ सैल होते. हिवाळ्यातील थंडगार पाण्यात पावडर नीट विरघळत नाही. ती आधी थोड्या कोमट पाण्यात कालवून घ्यावी. शेवटच्या खळबळणीचे पाणी साठवून फरशी पुसण्यास किंवा पुढचे कपडे भिजवण्यास वापरता येते.

नदीवरील परिणाम

घरातून निघालेले साबणाचे पाणी नाल्यांवाटे यमुनेकडे जाते. वझिराबाद ते ओखला हा यमुनेचा दिल्लीतील सुमारे 22 किलोमीटरचा पट्टा नदीच्या एकूण लांबीच्या दोन टक्क्यांहून कमी आहे. प्रक्रिया न झालेल्या किंवा अपुरी प्रक्रिया झालेल्या सांडपाण्यातील डिटर्जंटचे घटक ओखला बंधाऱ्यावरून पाणी खाली कोसळताना घुसळले जातात आणि कालिंदी कुंजजवळ पांढरा फेस तरंगू लागतो. छठ पूजेच्या सुमारास या फेसात उभ्या राहून अर्घ्य देणाऱ्या भाविकांची छायाचित्रे देशभर पोहोचली आहेत. डिटर्जंटमधील फॉस्फेटमुळे पाण्यात शेवाळही वाढते.

या पार्श्वभूमीवर, राष्ट्रीय हरित लवादाच्या निर्देशांनंतर दिल्ली सरकारने जून 2021 मध्ये भारतीय मानक ब्यूरोच्या निकषांत न बसणाऱ्या साबण व डिटर्जंटच्या विक्री, साठवणूक आणि वाहतुकीवर बंदी घातली. खरेदीच्या वेळी पाकिटावरील मानक चिन्ह आणि फॉस्फेटविरहित असल्याचा उल्लेख पाहणे ग्राहकाच्या हाती आहे.

सांडपाण्यावर पूर्ण प्रक्रिया होणे हाच यमुनेच्या प्रश्नावरील मुख्य उपाय आहे आणि ती जबाबदारी शासकीय यंत्रणांची आहे. तोपर्यंत प्रत्येक धुण्यात वाचलेली चमचाभर पावडर नाल्यात जात नाही, एवढे मात्र निश्चित.