‘मेक’चा भरवसा घड्याळावर

आज लढाई नाही, किल्ला नाही. आज संगणकाच्या एका आज्ञेचा इतिहास सांगणार आहे, आणि तो सांगायची पाळी माझ्यावर का आली तेही.

या मालिकेचं ई-बुक मी एग्मोरच्या घरी स्वतःच बांधतो. प्रत्येक भाषणाची साधी मजकुराची फाइल असते. काळ्या पडद्यावर ‘मेक’ एवढं टाइप केलं की पुस्तक तयार. गेल्या महिन्यात एका वाचकाचा फोन आला. त्यांचे थोरले भाऊ युद्धात कामी आलेले. परिशिष्टाच्या यादीत त्यांचं गाव मी चुकीचं दिलं होतं. माफी मागितली, त्याच संध्याकाळी दुरुस्ती केली, मेक चालवलं, नवी प्रत पाठवली. दोन दिवसांनी पुन्हा फोन. गाव तेच, चुकीचं. “कर्नलसाहेब, आईला दाखवायला मोबाइल घेऊन बसलो होतो,” एवढंच म्हणाले.

गंमत अशी, की मेक जन्मलं ते नेमक्या याच दुखण्यातून. १९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन चरफडत स्टुअर्ट फेल्डमनच्या खोलीत आला. प्रोग्राममधली चूक त्याने आधीच दुरुस्त केली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली. म्हणजे चालत होता तो जुनाच प्रोग्राम, आणि हा सकाळभर बरोबर मजकुरात चूक शोधत बसलेला. फेल्डमनची आदली संध्याकाळही काहीशी अशीच वाया गेली होती. त्याने मेक लिहायला घेतलं.

कल्पना साधी आहे. ‘मेकफाइल’ नावाच्या कागदावर लिहायचं: अमुक वस्तू तमुक फाइलींपासून बनते, आणि बनवायची आज्ञा ही. मेक दोघांच्या वेळा पाहतं. मूळ फाइल वस्तूपेक्षा नवी असेल तर वस्तू पुन्हा बनवतं, नसेल तर हात लावत नाही. सगळं पहिल्यापासून बांधायला नको, आणि काय बदललं ते माणसाने लक्षात ठेवायलाही नको. फौजेत पुस्तिकांना दुरुस्तीच्या चिठ्ठ्या यायच्या. त्या चिकटवून तक्त्यात सही करायची. सही राहिली की तपासणीत बोलणी. मेक ती सही स्वतःच पाहतं.

आज्ञेच्या ओळीआधी टॅबच लागतो, मोकळ्या जागा चालत नाहीत. यापायी जगाने किती डोकेफोड केली असेल! फेल्डमनला हे लवकरच खटकलं होतं, पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांची घडी विस्कटायला नको म्हणून त्याने ते तसंच ठेवलं. पुढे २००३ साली एसीएमने त्याला मेकसाठी पुरस्कार दिला. लिनक्सचा गाभा आजही मेकनेच बांधतात.

मग माझं मेक का चुकलं? ते चुकलं नाही. परिशिष्ट मी जुन्या संगणकावर दुरुस्त केलं आणि पेन ड्राइव्हने इकडे आणलं. त्या संगणकाचा सेल संपलेला, घड्याळ कित्येक वर्षं मागे. फाइलीवर ती जुनी तारीख आली. मेकने पाहिलं, पुस्तक नवं, परिशिष्ट जुनं. म्हणून पडद्यावर ‘अप टू डेट’. मी तो शब्द वाचला आणि पान न उघडता प्रत पाठवली.

ज्या शहरात हे घडलं, त्याच्या घड्याळावर एके काळी देशातली रेल्वे चालायची. एग्मोरशेजारच्या नुंगंबाक्कममधल्या वेधशाळेची वेळ म्हणजे ‘मद्रास टाइम’. मुंबईची स्थानिक वेळ त्याहून सुमारे अर्धा तास मागे. मुंबईकराच्या खिशातलं घड्याळ बरोबर, स्टेशनातलंही बरोबर, आणि गाडी मात्र सुटलेली! १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली. एग्मोर स्टेशनची आजची लाल-पांढरी इमारत १९०८ची. मुंबईत मात्र जुनी वेळ १९५५पर्यंत रेंगाळली.

दोन यंत्रांच्या घड्याळांचं जमलं नाही की मेकचा हिशेब बिघडतो. फाइलीची वेळ पुढे गेलेली असेल तर ते निदान इशारा देतं. मागे पडलेली असेल, तर गप्प.

उपाय एका शब्दाचा: ‘टच’. त्याने फाइलीवर आत्ताची वेळ बसते. टच दिलं, मेक चालवलं. परिशिष्ट उघडून गावाचं नाव अक्षर न् अक्षर वाचलं. मग प्रत पाठवून त्यांना मीच फोन लावला आणि ते पान उघडेपर्यंत कानाला धरून बसलो.