पुण्याचा इ. स. १८७४ चा हागादा आणि दानीएलाची मर्यादा

इ. स. १८७४ मध्यें पुण्यांत विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यांत एक हिब्रू-मराठी हागादा शिळाछापावर निघाला. मिसर देशांतील दास्यांतून झालेल्या सुटकेची कथा वल्हांडण सणाच्या रात्रीं यहुदी कुटुंबें ज्या ग्रंथावरून वाचतात, तो हागादा. मोझेस जेकब तळकर व आरोन डॅनिएल तळकर हे त्याचे प्रकाशक. दोघेही बेने इस्राएल. त्यांतील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडीं नेसलेल्या आहेत. नांवें हिब्रू, पण आडनांव कोंकणी धाटणीचें. भाषा मराठी, वेषही येथील. यावरून या समाजाचा पूर्वापार बाणा शिथिल झाला होता, असें अनुमान कोणी काढील. आमच्या मतें तें सदोष आहे. आणि त्याचा दोष हिब्रू शास्त्रावरूनच दाखवितां येतो.

दानीएलाच्या पहिल्या अध्यायांत बाबेलास नेलेल्या यहुदी तरुणांची कथा आहे. राजाज्ञेनें त्यांना खास्द्यांची विद्या व भाषा शिकविली गेली. त्यांचीं नांवेंही बदललीं, दानीएलाचें बेल्टशस्सर झालें. यांपैकीं कशासही त्यांनीं हरकत घेतल्याचें ग्रंथ सांगत नाहीं. राजाच्या पाकशाळेंतील अन्न व द्राक्षारस मात्र दानीएलानें नाकारला, आणि कडधान्य व पाणी यांवर दहा दिवसांची परीक्षा मागून घेतली. मान कोठें राखावयाचा, ही मर्यादा त्यानें स्वतः आंखली. हा ग्रंथ सध्याच्या रूपांत इ. स. पूर्वीं १६५ च्या सुमारास, आंतियोखस राजाच्या धर्मच्छळाच्या काळीं सिद्ध झाला, असें बहुतेक आधुनिक संशोधक मानतात. तरीही त्याचा जवळजवळ अर्धा भाग हिब्रूंत नसून आरामींत आहे. प्रतिकाराचा ग्रंथच परक्या वाणीनें बोलतो!

कोंकणांतील बेने इस्राएलांनीं हीच रीत पाळिली. ते तेल गाळीत. पण शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणूं लागले. धर्मग्रंथ दीर्घकाळ हातीं नसतांही सुंता, शब्बाथ, ‘शमा’ची प्रार्थना व बिनखवल्यांच्या मासळीचा निषेध हे त्यांनीं सोडले नाहींत. शेजाऱ्यांनीं दिलेल्या नांवांतच त्यांचा नेम नोंदला गेला.

मराठी भाषांतरासही हागाद्यांतच आधार आहे. भुकेल्यांस पंक्तीस बोलावणारें त्याचें आरंभींचें निमंत्रण आरामींत आहे. कारण तें घरांतील सर्वांस कळावें. गीतार्थ प्राकृतांत आणणाऱ्या ज्ञानदेवांच्या देशांत हा हेतु निराळा सांगावयास नको.

म्हणून संग्राहकांस विनंती कीं, असा ग्रंथ हस्तलिखित नसून शिळाछापी आहे, एवढ्यावरून त्यास गौण लेखूं नये. चित्रें, समासांतील टिपा, मुखपृष्ठावरील घराण्याच्या नोंदी व पानांवरील द्राक्षारसाचे डाग, सर्व जसेंच्या तसें जपावें. पानें स्वच्छ करण्याच्या भरांत डाग पुसला, तर तो ग्रंथ त्या रात्रीं खरोखर वाचला जात होता याचा पुरावाच नाहींसा होईल.