शाखामार्गाची मोजणी आणि नोंद

सोलापुरास आगगाडी १८६० सालीं पोहोंचली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा हा साडेपांच फुटी मार्ग १८७१ सालीं रायचुरास जाऊन मद्रासकडील मार्गास मिळाला. नवी पेठ ज्या शहरांत आहे तें अशा रीतीनें मुंबईशीं जोडलें गेलें. परंतु ज्या गांवांस हा हमरस्ता चुकवून गेला त्यांचें काय, हा प्रश्न उरलाच. बार्शी ही कापसाची मोठी पेठ. पण तिच्या नांवाचें ‘बार्शी रोड’ स्टेशन, म्हणजे आजची कुर्डुवाडी, तिच्यापासून सुमारें एकवीस मैलांवर राहिलें.

हें अंतर भरून काढण्याचें काम एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनियरानें अंगावर घेतलें. तो पूर्वीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्याच नोकरींत होता. १८९५ सालीं बार्शी लाइट रेल्वे कंपनी निघाली व १८९७ सालीं तिचा अडीच फुटी मार्ग सुरू झाला.

त्या काळच्या पाहणीची रीत साधी, पण चिकाटीची होती. इंजिनियर प्रथम मुलूख हिंडून पाही; ओढ्याला पूर कोठवर चढतो हें गांवकऱ्यांस विचारी. मग थिओडोलाइट व साखळी घेऊन मध्यरेषा आंखली जाई. ठराविक अंतरावर खुंटी ठोकून तिची उंची लेव्हल यंत्रानें मोजीत, आणि त्या आंकड्यांवरून भराव किती, खोदाई किती, पूल कोठें, हें कागदावर उतरे. खुंटी चार हात सरकली कीं कोणाची विहीर वांचे, कोणाची जाई.

गाडी धांवूं लागल्यावर दुसरी मोजदाद सुरू होई. मैलाचे दगड बसत, पुलांना नंबर पडत. रुळांचें वजन, स्लीपर, वळणें व चढ यांची नोंद वहींत होई. या नोंदीचें महत्त्व हलक्या मार्गास अधिकच. बार्शीचे आरंभींचे रूळ यार्डास अवघे तीस पौंडांचे होते. म्हणून कॅल्थ्रॉपनें नियम केला कीं, इंजिन असो वा डबा, कोणत्याहि आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं. इंजिनाचा भार अनेक आंसांवर वांटला, आणि डबेहि त्या मर्यादेपर्यंत भरतां येतील असे मोठे बांधले. मार्गाचा दुबळा तुकडा कोठें आहे हें ठाऊक असेल तरच असा हिशेब टिकतो. स्वस्त मार्ग म्हणजे ढिला मार्ग नव्हे; त्यास नोंद अधिक काटेकोर लागते.

पुढें हा मार्ग १९०६ सालीं पंढरपुरास, १९११ सालीं लातुरास आणि १९२७ सालीं मिरजेस पोहोंचला. त्याची लांबी दोनशें मैलांवर गेली. १९५४ सालीं सरकारनें तो विकत घेतला.

मात्र आंखलेली रेषा जशी गांवें जोडते, तशी गांवें वगळतेहि. लातूरकडे जातांना रूळ येडशीवरून गेले आणि धाराशीव बाजूस राहिलें. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मार्ग रुंद करतांना नवी मोजणी झाली, तेव्हां कोठें त्या शहराच्या वांट्यास आगगाडी आली. बार्शीनें जी वाट सुमारें चाळीस वर्षें पाहिली, तीच धाराशिवास जवळजवळ शंभर वर्षें पाहावी लागली. साखळी ओढणारे निघून जातात. त्यांच्या खुंट्यांचा निकाल मात्र पिढ्यान् पिढ्या भोगावा लागतो.