पळी-पंचपात्र कुणी ठेवलं, तलवार कुणी घेतली?

आमच्या लालबाग-परळच्या बचत गटांत कुणी रत्नागिरीकडची, कुणी सांगली-मिरजेकडची. गावाकडच्या गप्पा निघाल्या की पटवर्धनांची गोष्ट निघते. हरभट नावाच्या भटजींनी पळी-पंचपात्र खाली ठेवलं, तलवार घेतली आणि खर्ड्याची लढाई गाजवली, अशी ती गोष्ट. ऐकायला छान आहे. पण आपण हिशेबाची वही तपासतो, तशी ही गोष्टही तपासू या.

आधी नाव बघू. 'हरभट' या नावातच भट आहे. ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतवड्याचे. इचलकरंजीकर घोरपड्यांच्या घरी ते उपाध्ये होते. लढवय्यांची नावं आहेत गोविंद हरी, रामचंद्र हरी, त्र्यंबक हरी. मधलं 'हरी' हे वडिलांचं नाव. म्हणजे शिपाईगिरीत गेले ते हरभटांचे मुलगे. माधवराव पेशव्यांच्या काळात मिरज मिळाली ती गोविंदरावांना.

मग साल बघू. खर्ड्याची लढाई १७९५ची. तिथे सेनापती होते परशुरामभाऊ, म्हणजे रामचंद्ररावांचे चिरंजीव, हरभटांचे नातू. त्यांचा जन्म १७४०चा. लढाईच्या वेळी नातूच पंचावन्नचा, मग आजोबा रणात कसे असतील? पुढे १७९९मध्ये कोल्हापूरकरांशी लढताना पट्टणकुडीला भाऊ पडले.

आता कागद. मिरजेचे शिक्षक वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं वाचून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावाने खंडामागून खंड छापले. ऐकीव गोष्ट अशा कागदाला लावून बघायची. मुंबईत काही शोधायचं तर दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे. तुमच्या तालुक्याच्या वाचनालयातही विचारून बघा.

इतकी चिकित्सा कशाला, असं कुणी म्हणेल. कारण गोष्ट आखूड झाली की माणसं गळतात. इचलकरंजीच्या घरात सून म्हणून आली अनुबाई, बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची मुलगी. या सोयरिकीमुळेच उपाध्यांच्या मुलांना पुण्याची वाट सापडली. नवरा गेल्यावर अनुबाईंनी इचलकरंजीचा कारभार स्वतः पाहिला. 'भटजींनी तलवार घेतली' एवढंच म्हटलं, की अनुबाई गोष्टीतून गेल्याच.

आमच्याकडे गिरणगावातही असंच होतं. 'आजोबा मुंबईला आले, घर उभं केलं,' असं सगळे सांगतात. खाणावळ चालवून गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या आजीचं नाव मात्र कुणाला आठवत नाही.

म्हणून पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातली एक गोष्ट आणायची. तिला नाव, साल आणि कागद लावून बघायचे. रेशनकार्ड, सातबारा, शाळेचा दाखला, जे घरात असेल ते चालेल. आजीचं माहेरचं नावही विचारून घ्या, आणि वहीत पहिल्या ओळीत लिहा.