जस्ताचा बळी

मोटरसायकलवर हात बसलेला मिस्त्री देवबाग-तारकर्लीकडे होडीचं आऊटबोर्ड इंजिन पहिल्यांदा उघडतो, तेव्हा वरच्या भागात त्याचं फारसं अडत नाही. कार्बोरेटर, प्लग, पिस्टन, रिंगा, सगळी ओळखीची मंडळी. बहुतेक लहान इंजिनांना किकऐवजी ओढायची दोरी, एवढंच. अडतं ते खाली, पाण्यात बुडणाऱ्या पायात. तिथे रबरी पात्यांचं एक चाक असतं. आणि पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, तिच्या पोटाला एक राखाडी ठोकळा बोल्टाने आवळलेला असतो. तो फिरत नाही, त्यात तेल नाही, त्याला वायर नाही. काढून बाजूला ठेवला तरी इंजिन पहिल्यासारखंच चालतं. ‘ह्यां काय?’ असं विचारलं की जेट्टीवर एका शब्दात उत्तर मिळतं: झिंक. म्हणजे जस्त.

हा ठोकळा ज्या इंजिनाला लटकतो, त्या इंजिनाहून त्याचं कुळ ऐंशीएक वर्षांनी जुनं आहे.

लाकडी जहाजांचा जमाना होता. तळाला किडा लागू नये, शिंपले आणि शेवाळ धरू नये म्हणून ब्रिटिश आरमार जहाजांना खालून तांब्याचे पत्रे ठोकत असे. खारं पाणी ते पत्रे खाऊन टाकी आणि खर्च परवडेना. आरमाराने सर हम्फ्री डेव्हीला गाठलं. खाणकामगारांचा दिवा बनवणारा तो हाच. 1824 साली डेव्हीने रॉयल सोसायटीपुढे उपाय मांडला: तांब्याला लोखंडाचा किंवा जस्ताचा लहानसा तुकडा भिडवून ठेवा. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि दोन्ही खाऱ्या पाण्यात बुडालेले, म्हणजे आपोआप एक बॅटरी तयार होते. त्यात जो धातू लवकर विरघळतो तो स्वतः झिजतो आणि दुसऱ्याला वाचवतो.

समुद्रावरच्या पहिल्या चाचण्यांत ‘समरंग’ नावाची युद्धनौका होती. ती आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर, कोचीनला, सागवानात बांधलेली आणि 1822 साली पाण्यात उतरलेली. तिच्या तांब्याला बिडाचे तुकडे जोडून तिला अटलांटिकपार धाडलं. तांबं वाचलं. पण पुढे अशी सोय केलेल्या इतर जहाजांवर भलतंच निघालं. तांबं विरघळत होतं म्हणूनच त्याचं विष पाण्यात उतरत होतं आणि शिंपले जवळ फिरकत नव्हते. तांबं शाबूत राहिलं आणि तळ शिंपल्यांनी भरून गेला, जहाजांचा वेग मेला. आरमाराने ही योजना गुंडाळली आणि डेव्हीच्या वाट्याला टवाळी आली. माझ्या मते ती अन्यायाची होती, कारण त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बिनचूक होतं. लोखंडी जहाजं आली तेव्हा तीच युक्ती पुन्हा वर आली, आता जस्ताच्या रूपात, आणि ती अजून टिकून आहे.

आऊटबोर्ड इंजिनाचं घराणं मात्र थेट मोटरसायकलचं. 1903 साली अमेरिकेत येल विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या कॅमेरॉन वॉटरमनने आपल्या मोटरसायकलचं इंजिन साफ करायला उतरवलं आणि खुर्चीच्या पाठीला टांगलं, असं सांगतात. खुर्चीला टांगता येतं तर होडीच्या मागच्या फळीला का नाही, हा विचार तिथला. 1905 साली डेट्रॉइट नदीत त्याने ते चालवून दाखवलं. 1909 पासून ओले एव्हिनरूडने मिलवॉकीत अशी इंजिनं बाजारात आणली आणि धंदा पसरला. पुढे या धंद्यात जपानी उतरले, तेही मोटरसायकलवालेच. यामाहाने 1960 साली, होंडाने 1964 साली, सुझुकीने 1965 साली आपापलं पहिलं आऊटबोर्ड काढलं. यामाहाचीच आरएक्स हंड्रेड मोटरसायकल खोलून शिकलेल्या मिस्त्रीला जेट्टीवरचं टू-स्ट्रोक यामाहा परकं वाटत नाही, त्याचं कारण हे आहे.

परके आहेत ते समुद्राने लावायला भाग पाडलेले भाग. रबरी चाक म्हणजे इम्पेलर. मोटरसायकलचं सिलिंडर वाऱ्यावर थंड होतं, इथे इम्पेलर समुद्राचं पाणी खेचून सिलिंडरभोवती फिरवतो. इंजिन चालू असताना मागून पाण्याची बारीक धार उडते. ती थांबली की इंजिन बंद करायचं, मग बाकीची चौकशी. कोरड्यात चालवून बघण्याची मोटरसायकलवाली सवय इथे चालत नाही, कारण पाण्यावाचून रबर बघता बघता जळतं.

झिंकची निगा याहून चमत्कारिक आहे, कारण तिथे सगळं उलटं वाचावं लागतं. नव्या ठोकळ्याच्या कडा धारदार असतात. हंगाम संपता संपता तो उंदराने कुरतडलेल्या खोबऱ्याच्या वाटीसारखा दिसतो, अंगावर पांढरी भुकटी. हे चांगलं लक्षण. वर्षभर पाण्यात राहून ठोकळा कोरा करकरीत दिसला तर घाबरायचं, कारण मग झीज इंजिनाच्या अॅल्युमिनियमची चालू असते. बहुधा बोल्टाखाली गंज किंवा रंग साचून धातूला धातू भिडत नसतो. ठोकळा काढून बैठक पॉलिशपेपरने घासायची, तिथला धातू उघडा पडला पाहिजे. निम्मा झिजला की बदलायचा, संपायची वाट बघायची नाही. भंगारातलं जस्त वितळवून ओतलेला ठोकळा स्वस्त पडतो, पण उपयोगाचा नाही. जस्तात लोखंडाचा अगदी अंश जरी उतरला तरी वर चिवट थर धरतो आणि झीज थांबते. गोड्या पाण्यातही जस्तावर असाच थर बसतो, त्यामुळे खाडीत आत, नदीच्या पाण्यात राहणाऱ्या होडीला अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा ठोकळा बरा.

मग मोटरसायकललाच झिंक लावलं तर? किनाऱ्यावर गाड्याही खारवतातच. पण त्याचा उपयोग होत नाही. दोन्ही धातू एकाच पाण्यात बुडालेले असतील तरच हा सौदा जमतो, वाऱ्यावर नाही. मोटरसायकलवर खार बसतो तो जिथल्या तिथे, बोल्टाच्या डोक्याभोवती. इंजिनाचं कव्हर अॅल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी, मध्ये खारट ओल, आणि डेव्हीची बॅटरी तिथेही सुरू. फरक एवढाच की इथे बळी जातं ते कव्हर. आट्यांत पांढरी भुकटी साचते, बोल्ट जाम होतो आणि पाना लावला की डोकं तुटून हातात येतं. गाडी गोड्या पाण्याने धुवावी आणि वर्षातून एकदा कव्हरचे बोल्ट काढून, आट्या पुसून, ग्रीस लावून परत आवळावेत, एवढाच उपाय.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, रंगाचे डबे उघडलेले. नारळी पौर्णिमेआधी इंजिनालाही हौसेने रंग मारला जातो. तो खुशाल मारा, फक्त झिंकवर ब्रश फिरवू नका. रंगवलेलं झिंक झिजत नाही.