सरकारदेणें आणि दिवाळखोराची मुक्ति

ज्या मनुष्यास ऋण फेडतां येत नाहीं, त्यास साहुकाराच्या तगाद्यांतून केव्हां तरी सोडविण्याची सोय कायद्यानें केली आहे. परंतु त्याच मनुष्याकडे सरकारची कराची बाकी असल्यास दिवाळें निघाल्यानें तीही बुडते काय? हल्लीं हा प्रश्न प्राप्तीवरील कराच्या संबंधानें विचारला जातो. तथापि त्याचीं मुळें स्मृतिग्रंथांत व आपल्या जुन्या दप्तरांत पोंचलेलीं आहेत. या प्रश्नांत तीन गोष्टींची सरमिसळ होते, ती प्रथम दूर केली पाहिजे. पहिली क्रमाची : धनको अनेक असतां आधीं कोणाचें द्यावयाचें. दुसरी वारशाची : ऋणको मेल्यावर तें देणें पुत्राच्या माथीं बसतें काय. तिसरी मुक्तीची : जें फिटलें नाहीं त्याचें बंधन ऋणकोच्या हयातींतच सुटतें काय.

क्रमाविषयीं शास्त्रकार स्पष्ट आहेत. ज्या क्रमानें ऋण घेतलें त्या क्रमानें तें फेडावें, हा याज्ञवल्क्याचा सामान्य नियम; परंतु ब्राह्मणाचें आधीं व त्यामागून राजाचें, असा त्यास अपवाद. कौटिल्यही राजाच्या व श्रोत्रियाच्या द्रव्यास अग्रमान देतो. सारांश, सरकारदेण्याचें अग्रस्थान ही इंग्रजांनीं आणलेली नवी वस्तु नव्हे.

वारशाविषयीं मात्र तेच शास्त्र राजाच्या विरुद्ध जातें. पित्याचें ऋण फेडणें हें पुत्राचें कर्तव्य खरें. परंतु मद्य, द्यूत इत्यादिकांसाठीं केलेल्या ऋणाबरोबरच दंड व शुल्क यांची राहिलेली बाकीही पुत्रानें देऊं नये, असें याज्ञवल्क्य सांगतो. मूळ वचनांत ‘अवशिष्ट’ हा शब्द असल्यामुळें कांहीं भाग भरला असेल तरच पुत्र सुटतो, अशी शंका येण्याजोगी आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यांत मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर उशनसाचा आधार देऊन ती शंका काढून टाकतो : सबंध दंड वा सबंध शुल्क राहिलें असलें तरी पुत्रावर भार नाहीं. आतां ‘शुल्क’ म्हणजे जकात कीं कन्येसाठीं घेतलेलें द्रव्य, याविषयीं दुमत आहे. आणि जकात हा अर्थ घेतला तरी त्यांत जमिनीचा सारा येतो असें म्हणवत नाहीं. तथापि राजाच्या निदान कांहीं येण्यांचा शेवट ऋणकोच्या मृत्यूबरोबर होई, एवढें दंडाच्या उल्लेखावरून निश्चित ठरतें.

मुक्तीविषयीं ग्रंथांपेक्षां दप्तरें अधिक बोलतात. ५ सप्टेंबर १६७६ रोजीं शिवाजी महाराजांनीं मामले प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस लिहिलेलें पत्र संशोधकांच्या परिचयाचें आहे. बैलांसाठीं व बीबियाण्यासाठीं दिलेलें द्रव्य वाढीदिढीवांचून, कुळास तवानगी येईल तसतसें, केवळ मुदलानें उगवावें असें त्यांत फर्माविलें आहे. जी मागील बाकी वसूल करूं जातां कूळ मोडेल, ती तूर्त न घेतां हुजूर कळवावी, म्हणजे माफीची सनद सादर होईल, असाही त्याचा आशय आहे. येथें दोन टप्पे आहेत. वसुली थांबविणें सुभेदाराच्या हातीं. बाकी बुडविणें राजाच्या हातीं. कुळास मिळे ती कृपा, हक्क नव्हे.

इंग्रजी अमलांत क्रम कायम राहिला. १८६८ सालीं मुंबईच्या हायकोर्टानें सरकारदेण्याचें अग्रस्थान मान्य केलें. पुढें १८७५ सालीं सुपें येथें उठाव होऊन साहुकारांचीं खतें जाळलीं गेलीं, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांस साहुकारांपासून दिलासा देणारा कायदा झाला. मौज अशी कीं, त्याच सालच्या मुंबईच्या जमीनमहसुलाच्या कायद्यानें सरकारी बाकीस गहाण, हुकूमनामा व जप्ती या सर्वांवर अग्रस्थान दिलें. साहुकाराचा हात आंखडला, सरकारचा लांबला. मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांकरितां १९०९ चा व इतरत्र १९२० चा, अशा दोन्ही नादारीच्या कायद्यांनीं तर मुक्तीची वाटच बंद केली. कोर्टानें नादारास मोकळें केलें तरी सरकारचें देणें सुटत नाहीं. लबाडीनें केलेलें कर्ज व बायकामुलांची पोटगी यांच्या पंक्तीस तें बसविलें आहे. करवीर संस्थान १ मार्च १९४९ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें, तेव्हां आमचा मुलूखही त्या प्रांताच्या कक्षेंत आला. १९६४ सालीं सुप्रीम कोर्टानें प्राप्तीवरील कराच्या बाकीस तारण नसलेल्या कर्जांवर अग्रस्थान असल्याचा निर्वाळा दिला.

२०१६ च्या नव्या कायद्यानें ही घडी पुष्कळशी मोडली. व्यक्तीच्या दिवाळखोरींत सरकारच्या दोन वर्षांच्या येण्यास त्यानें चौथी जागा दिली. आणि न सुटणाऱ्या देण्यांत कोर्टाचा दंड, पोटगी, शिक्षणासाठीं घेतलेलें कर्ज इत्यादि गणलीं, पण कराचें नांव घेतलें नाहीं. परंतु व्यक्तींविषयींचा हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून अमलांत आला तो केवळ कंपन्यांच्या कर्जांस जामीन राहिलेल्यांपुरता. इतरांस १९०९ व १९२० चेच कायदे राहिले. म्हणून सामान्य करदात्यास आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर ‘बुडत नाहीं’ असेंच द्यावें लागतें.

यावरून आमचें मत असें बनलें आहे कीं, या देशांत सरकारदेण्यांतून जिवंत मनुष्याची सुटका परंपरेनें न्यायासनाकडून झाली नाहीं. ती घेणाऱ्याच्याच हातून झाली. म्हणूनच माफीच्या कागदास महत्त्व आहे. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांत व जुन्या घराण्यांच्या रुमालांत बाकीचे कागद हातीं येतात, तेव्हां रकमेची नक्कल करून शेवटची ओळ सोडण्याचा प्रघात आहे. वास्तविक सारा अर्थ त्या ओळींत असतो. ‘तहकूब’ म्हणजे पुढें ढकललें. ‘माफ’ म्हणजे संपलें. ‘सूट’ एका सालापुरती कीं कायमची, हें संदर्भावरून ठरवावें लागतें. तसेंच शेरा कमाविसदाराचा कीं हुजूरचा, हेंही टिपलें पाहिजे. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं त्यांच्या नकला शेऱ्यासह व शिक्क्यासह प्रसिद्ध कराव्या, अशी आमची विनंति आहे. कुळाची बाकी खरोखर बुडाली कीं नातवापर्यंत चालत आली, याचा निर्णय त्या एका शब्दावर अवलंबून आहे.